ग्रॅव्हिडा म्हणजे मुलांची संख्या नव्हे

गरोदर बाईच्या कार्डावर जी, पी, ए अशी अक्षरं लिहितात. त्यातल्या जीचा, म्हणजे ग्रॅव्हिडाचा, अर्थ एका लेखात ‘झालेली मुलं’ असा दिलाय, तो चुकलाय. लॅटिन ग्राविस म्हणजे जड, त्यावरून ग्राविदा, म्हणजे गरोदर. जड या अर्थाच्या आपल्या ‘गुरु’चं हे सख्खं भावंड, संस्कृतात गुर्विणी आहेच, गोव्याच्या कोकणीत आजही गुरवार म्हणतात. पी म्हणजे ‘पॅरा’ मात्र पारेरे, म्हणजे प्रसवणे, यावरून.

म्हणून जी म्हणजे किती वेळा दिवस गेले. आताची खेप आणि पडलेले गर्भही धरून. पी म्हणजे गर्भ बाहेर जगू शकेल इतके आठवडे भरल्यावरची बाळंतपणं, मूल मेलेलं जन्मलं तरी. ए म्हणजे गर्भपात. एकदा जुळी, एक गर्भपात आणि आता पुन्हा दिवस, तर उपकेंद्रातल्या कार्डावर जी ३, पी १, ए १. जुळ्यांचे पी २ लिहितात, तिथेच गणित बिघडतं. दुसरी गफलत विचारण्यातली. ‘मुलं किती?’ म्हटलं की पडलेला गर्भ बाई सांगतच नाही. ‘आतापर्यंत किती वेळा दिवस गेले?’ असंच विचारावं.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणारी गाभोळीने भरलेली मासळीही शास्त्राच्या भाषेत ग्रॅव्हिडच. गाभण मात्र गुरांपुरतं ठेवा, बाईला म्हणालात तर शिव्या खाल.