मिरवणुकीचा आवाज आणि आमची जबाबदारी

भाद्रपद जवळ आला की बेळगावच्या मराठी घरांत आणि परगावी गेलेल्या आम्हा मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एकच वाद पेटतो : विसर्जन मिरवणुकीत डॉल्बी वाजावी की नाही. पोलिसांनी आवाजावर बंधन आणले की एक बाजू म्हणते, हा मराठी सणावर घाला आहे. दुसरी विचारते, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आणि तान्ह्या मुलांनी जायचे कुठे? मराठीतल्या फलकासाठी आणि सरकारी कागदासाठी वर्षानुवर्षे भांडत आलेल्या सीमाभागातील माणसाची चीड मला समजते. रस्त्यावर एकत्र येण्याचा हक्क आम्हाला कोणी ताटात वाढून दिलेला नाही, आणि नेमके म्हणूनच तो कसा वापरायचा याचे माप आम्ही स्वतः ठरवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मी जर्मनीत, कोलोन शहरात राहतो. येथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते. तिचे मी आंधळे कौतुक करणार नाही, कारण तिच्यात एकटेपण पुष्कळ आहे आणि दार वाजवून सांगण्याऐवजी थेट पोलिसांना फोन करणारे शेजारीही आहेत. शिवाय कार्निव्हल आला की हेच शहर रस्त्यावर उतरून गाते, बँड वाजवते, आणि प्रशासन त्यासाठी सवलतही देते. फरक जबाबदारीचा आहे. ध्वनिवर्धक लावून होणाऱ्या कार्यक्रमांसाठी येथे जे मानक आहे त्यानुसार, प्रेक्षकांमधल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ नये, हे पाहणे आयोजकाचे काम असते.

आपल्याकडे कायदा नाही, असे मुळीच नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास बंदी आहे, आणि सणांसाठी वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. पण हे नियम पाळण्याचे ओझे आम्ही पोलिसांच्या गळ्यात घालतो, आणि त्यांनी यंत्रणा जप्त केली की भाषेचा झेंडा पुढे करतो. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळावरील भोंग्याची तक्रार करताना मात्र हीच कलमे आमची तोंडपाठ असतात. हे दुटप्पी माप मला सर्वांत जास्त खटकते.

डॉल्बीची भिंत अरुंद गल्लीतून सरकते तेव्हा मांडणीवरची स्टीलची भांडी थरथरतात, खिडकीची काच हाताने धरून ठेवावी लागते, आणि छातीतला ठोका आपला की यंत्राचा, हे कळेनासे होते. मैफल नाही आवडली तर उठून जाता येते. दुसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या माणसाने उठून कुठे जायचे? ज्याला ऐकणे नाकारता येत नाही त्याच्यापुढे वाजवणाऱ्याची जबाबदारी वाढते. ढोल-ताशेही मोठेच वाजतात, पण हात दमतात. यंत्र दमत नाही. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कानाची सहनमर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. ट्रॅक्टरमागे तासन्‌तास नाचणाऱ्या शाळकरी पोरांना हे कोणी सांगितलेले नसते.

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली कन्नड घरात जन्मलेले कुमार गंधर्व मराठी माणसाने आपलेच मानले. या भागात गाण्याने भाषेची वेस केव्हाच ओलांडली आहे. त्याच भागात कानठळ्या बसवणाऱ्या यंत्राला मराठीपणाची खूण ठरवणे मला पटत नाही.

मंडळांनी वर्गणीच्या पावतीवरच आवाजाची जबाबदारी घेणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव आणि फोन क्रमांक छापावा, दवाखान्यापुढे यंत्रणा पूर्ण बंद ठेवावी, आणि परदेशातून वर्गणी पाठवणाऱ्या आम्ही मंडळींनी पैसे देण्याआधी या दोन्ही गोष्टींची विचारणा करावी.