‘दहा हजार तास घाम गाळा, कुणीही चॅम्पियन होतो’: हे खरं नाही

पालकांच्या ग्रुपवर आणि अकादम्यांच्या जाहिरातींत एक मजकूर सतत फिरत असतो: ‘जन्मजात गुण वगैरे सगळ्या सबबी. दहा हजार तास सराव केला की कुणीही चॅम्पियन होतो, हे विज्ञानानं सिद्ध केलंय. सचिन ५ फूट ५ इंच, मेस्सीला लहानपणी वाढीचा आजार. अडलं का त्यांचं?’ ऐकायला छान आहे, पण खरं नाही. आणि त्याचे चटके मुलांना बसतात.

आधी ते ‘विज्ञान’ पाहू. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला. सर्वांत सरस गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा रियाझ सरासरी दहा हजार तासांच्या घरात भरला. सरासरी! म्हणजे त्याच गटात पुष्कळ कमी रियाझ केलेलेही होते. शिवाय ही मुलं निवडून अकादमीत आलेली होती, रस्त्यावरून कुणालाही उचलून आणलं नव्हतं. पुढे २०१४ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यात खेळांमधल्या कामगिरीतल्या फरकापैकी जेमतेम १८ टक्के फरकाचा उलगडा सरावाच्या तासांवरून झाला.

उंच उडीत तर हे डोळ्यांनी दिसतं. स्वीडनचा स्टेफान होल्म लहानपणापासून उडीच मारत आला. २००४ साली अथेन्समध्ये त्यानं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. बहामाजचा डोनाल्ड थॉमस बास्केटबॉल खेळायचा. २००६ च्या सुरुवातीला मित्रांशी लागलेल्या पैजेतून तो उंच उडीकडे वळला. २००७ च्या ओसाका जागतिक स्पर्धेत थॉमस २.३५ मीटर उडी मारून विश्वविजेता झाला, होल्म चौथा आला. होल्मची मेहनत यानं फुकट ठरत नाही. १८१ सेंटिमीटर उंचीच्या या माणसानं इनडोअरमध्ये २.४० मीटर पार केले, म्हणजे स्वतःच्या डोक्यापेक्षा ५९ सेंटिमीटर वर. ही सरावाचीच कमाई. पण तेवढे तास न घालवताही थॉमस त्याच्या पुढे गेला, हेही तितकंच खरं.

‘सारखी मेहनत, सारखं फळ’ हेही गृहीतच. अमेरिका-कॅनडातल्या हेरिटेज अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ जणांकडून २० आठवडे सारख्याच पद्धतीनं सायकल मारून घेतली. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलीटरनं वाढली. काहींची मात्र जवळपास जागची हलली नाही, तर काहींची लिटरभर वाढली. ज्याची वाढली नाही, त्यानं कामचुकारपणा केला म्हणायचं का?

सचिन-मेस्सीचं उदाहरण तर उलट बाजूनंच बोलतं. मेस्सीला वाढीच्या संप्रेरकाची कमतरता होती आणि त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं इंजेक्शनं घ्यावी लागली. शरीराला महत्त्वच नसतं, तर हे कशाला केलं असतं? प्रत्येक खेळ वेगळं शरीर मागतो. १४२ सेंटिमीटरची जिमनॅस्ट सिमोन बाइल्स हवेत गिरक्या घेते तेव्हा आटोपशीर बांधा तिच्या कामी येतो; वेस्ट इंडिजचा वेगवान गोलंदाज, ६ फूट ८ इंचांच्या जोएल गार्नरचा चेंडू उंचावरून सुटायचा, म्हणून उसळायचा. आपल्या कुस्तीत तर हे नियमातच आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य जिंकलं ते ५७ किलोच्या गटात. वजनगट कशासाठी असतात?

‘असं सांगितलं तर मुलं आळशी होतील,’ हा शेवटचा आक्षेप. माझा अनुभव उलटा आहे. चौदा वर्षांखालच्या निवड चाचणीला उभे राहा. एकाला मिसरूड फुटलेली, आवाज फुटलेला; शेजारचा त्याच्याच वर्गातला, पण अंगानं अजून लहान मूल. जन्मतारखा जवळच्या, शरीराची वयं मात्र दोन-तीन वर्षांनी वेगळी. पहिला मुलगा गोळा लांब फेकतो आणि निवडला जातो. दुसऱ्याला ‘अजून घाम गाळ’ म्हणून घरी पाठवतात. तो खरोखर गाळतो, पुढच्या वर्षी पुन्हा मागे पडतो, आणि आपणच कुठेतरी कमी पडलो असं मानून मैदान सोडतो. त्याची वाढ सुरू व्हायची होती, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. प्रशिक्षकांनी दर तीन महिन्यांनी मुलांची उंची वहीत नोंदवली, तरी कुणाची वाढ कुठवर आली आहे याचा अंदाज येतो. निवडीच्या दिवशी ती वही टेबलावर असलीच पाहिजे.