टाच टोचून बाळाला 'अणुऔषध' देत नाहीत

निपाणी-चिक्कोडीपासून खानापूरपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय: "नवजात बाळाच्या तांबड्या पेशी मोजायला किरणोत्सारी औषध टोचतात, त्यानंच कावीळ होते, मग निळ्या दिव्याखाली पुन्हा तीच किरणं देतात. टाच टोचू देऊ नका, कोवळं ऊन पुरे." ओल्या बाळंतिणीच्या हातात हे पडतं याचा मला फार राग येतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"औषध टोचतात." नाही. टाचेतून थोडं रक्त बाहेर येतं, आत काहीही जात नाही. पेशींची मोजणी यंत्र करतं.

मग हे आलं कुठून? अशी एक पद्धत खरोखर आहे. 1950 पासून ती वापरात आली. थोडं रक्त काढायचं, बाहेरच त्यातल्या पेशींना क्रोमियम-51 हा किरणोत्सारी पदार्थ जोडायचा, मोजून परत शिरेत सोडायचं आणि मिसळल्यावर ते किती विरळ झालं ते बघायचं. हौदात मापून रंग टाकला तर पाणी किती ते काढता येतं, तसंच हे. नेहमीच्या तपासणीतलं हिमोग्लोबिन रक्ताची दाटी सांगतं, अंगात एकूण पेशी किती ते सांगत नाही. बाळाला किलोमागे 80-85 मिलिलीटर रक्त, म्हणजे अडीच किलोच्या बाळात जेमतेम 200. नाळ कधी बांधली यावरही ते कमीजास्त होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रक्त चढवायचं की नाही हे ठरवताना एकूण पेशींचा हिशेब मोलाचा, म्हणून संशोधक या मोजणीमागे लागले. पण क्रोमियम रोज साधारण एक टक्का पेशींतून सुटतं, त्यामुळे या पद्धतीनं मोजलेलं पेशींचं आयुष्य आहे त्याहून कमी दिसतं. शिवाय बाळाला किरणोत्सर्ग, थोडासुद्धा, कशाला द्यायचा? म्हणून बाळांसाठी बायोटिन, म्हणजे एक जीवनसत्त्वच, पेशींना जोडून मोजण्याची पद्धत आली. हे सगळं संशोधनातलं. किरणोत्सारी पदार्थ हाताळायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. टाच टोचणाऱ्या सिस्टरकडे ते नसतात.

"त्यानंच कावीळ होते." मोठ्या माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, बाळाची 60 ते 90. पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि कोवळ्या यकृताला ते सगळं निपटत नाही. बहुतेक बाळांच्या काविळीचं कारण एवढंच.

"निळा दिवा म्हणजे तीच किरणं." तो डोळ्यांना दिसणारा साधा निळा उजेड. त्यानं कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शी-शूवाटे निघून जातं.

"कोवळं ऊन पुरे." इथं माझा जीव खरा कासावीस होतो. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, आणि वाट बघताना वाढलेलं बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर बाळ कायमचं बहिरं होऊ शकतं, हातपाय आखडू शकतात. पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ अंगावर ओढेना, नुसतं झोपून राहू लागलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. आणि टाच टोचू द्या.