सहकुटुंब सहपरिवार, ताम्हिणीमार्गे

नाताळच्या सुट्टीत दिवेआगरला खोली मिळाली? अभिनंदन. भाव विचारत नाही. मी नुकतीच दोन पोरांना घेऊन पुण्याहून ताम्हिणी घाटाच्या रस्त्याने तिथे जाऊन आले आणि इतर आईबाप सहल कशी साजरी करतात ते बंपरला बंपर लावून, अगदी जवळून पाहिलं. म्हणून चार हिताच्या गोष्टी सांगते. सगळ्या पोरांच्या भल्यासाठीच आहेत. या रस्त्यावर जे काही होतं ते पोरांसाठीच होतं, एवढं मनाशी पक्कं करा, पुढचं सोपं जातं.

पहिली गोष्ट, पहाटे निघायचं नाही. पहाटे पाचला निघालं की पिरंगुट-पौड मोकळं मिळतं, पोरं झोपेतच घाट उतरतात आणि माणगावला गर्दी व्हायच्या आत तुम्ही मोर्ब्याच्या रस्त्याला लागता. मग सहल कसली ती? साडेनऊला निघा. गेटपाशी गाडी आल्यावर गॅस बंद केलाय का ते आठवा. मग पेट्रोल, मग हवा, मग एटीएम. भूगावच्या कोंडीत "समुद्र कधी येणार?" हा प्रश्न सुरू होतो तो थेट समुद्र आल्यावरच थांबतो.

वाटेत मिसळ खा. पोरांनाही द्या, तर्री कमी घालून, वर थंडगार लस्सी. मुळशीच्या पाण्याकडे बघायची काही गरज नाही, पाणी काय पुढे आहेच भरपूर. घाटाची वळणं सुरू झाली की मागे मोबाइल द्या, कार्टून लावून. डोळे सांगतात आपण एका जागी बसलोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण गरागरा फिरतोय. दोघांचं पटत नाही आणि भांडणाचा निकाल पोटात लागतो. पोर पांढरं पडलं, जांभया द्यायला लागलं, सारखी लाळ गिळायला लागलं की तुमच्या हातात थोडीच मिनिटं उरली. ती "काही होत नाही, मागे टेकून बस" म्हणण्यात घालवा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या अर्धा तास आधी द्यायची असते, म्हणून ती विळ्याला पोहोचल्यावर, घाट संपल्यावर द्या. पिशव्या डिकीत, सगळ्यात खालच्या बॅगेत. कपड्यांचा जादा जोड त्याच्याही खाली. मुक्कामी पोहोचल्यावर सीटबेल्टच्या बकलमध्ये अडकलेली मटकी टूथपिकने काढत बसायला संध्याकाळ रिकामी ठेवा. मोड आलेली असते, चटकन निघत नाही.

डायपर खिडकीतून फेकायचा तर दरी बघून फेका. ताम्हिणी अभयारण्य आहे, प्राण्यांचीही सोय व्हायला हवी.

मुलीला शू लागली तर तिला दाबून धरायला शिकवा. पुढे आयुष्यभर उपयोगी पडतं. अगदीच झालं तर हॉटेलात चार चहा घ्या, मग गल्ल्यावरचा माणूस चावी देतो. आत पाणी नाही हे चावी लावल्यावर कळतं. बाहेरच्या पाटीवर 'फॅमिली'साठी खास व्यवस्था असं लिहिलेलं असतं, ती व्यवस्था म्हणजे वेगळं बसायला एक पंखा.

आता माणगाव. पुण्याहून आलेल्या माणसाला निजामपूरच्या रस्त्याने येऊन तिथे मुंबई-गोवा महामार्गाला भेटावंच लागतं. या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हा जन्मलेल्या पोरांना आता मिसरूड फुटतंय. बायपासचं विचारू नका. तर माणगावला रांग लागलेली असणार. अशा रांगेत उभं राहणं हे मूर्खांचं काम आहे, तुम्ही गाडी उजवीकडे काढा. उजवीकडचा अख्खा रस्ता मोकळा असतो. तो समोरून येणाऱ्यांचा असतो, पण ते आत्ता कुठे आलेत? तुमच्या मागून आणखी दहा हुशार लोक येतील, त्यांच्याही गाडीत पोरं असतील. मग समोरून लाल डबा येतो. आता त्याला पुढे जाता येत नाही, तुम्हाला मागे जाता येत नाही, आणि डावीकडच्या मूर्खांच्या रांगेत तुम्हाला शिरू देईल असा मूर्ख सापडत नाही. मी पाहिलं तेव्हा एसटीच्या ड्रायव्हरने शांतपणे इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चाकाला टेकून तंबाखू मळायला लागला. त्याच्या अनुभवाला सलाम. अशा लोकांबरोबर किती वेळ जातो हे त्याला तंबाखूच्या हिशेबात पाठ असावं.

एक दांडगी पांढरी गाडी आमच्या बॉनेटसमोर तिरकी घुसवून एक गृहस्थ काच खाली करून म्हणाले, "ताई, जरा जाऊ द्या ना, लहान मुलं आहेत गाडीत."

माझ्या गाडीत काय कोंबड्या होत्या? माझी पाच वर्षांची पोरगी पाय आवळून रडत होती. धाकट्याने दुसऱ्यांदा ओकून माझी ओढणी कामाला लावली होती. पुढच्या गाडीत एक बाई उन्हात बाळाला पाजत होती, एसटीत तर निम्मी पोरंच होती. सगळ्या गाड्यांत लहान मुलं आहेत हो. सुट्टी आहे, रस्ता समुद्राकडे जातो, दुसरं कोण असणार? आणि ही रांग तासभर हलली नाही ती रस्ता अरुंद आहे म्हणून फक्त नाही, तुम्ही उजवीकडून आलात म्हणून. अरुंद रस्त्यावरून सुद्धा माणसं मुंगीच्या गतीने का होईना, सरकतात. बूच बसलं की सरकत नाहीत. बूच तुम्ही आहात.

असो. सल्ले द्यायला बसले होते.

पुढे बसणाऱ्याने बाळाला मांडीवर घ्यावं. एअरबॅग उघडली तर तुमच्या छातीला मऊ काहीतरी हवंच.

पोहोचल्यावर गाडी थेट वाळूत घाला. ओहोटीला फोटो छान येतात आणि भरतीला गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला दोन पैसे मिळतात.

सनरूफचं राहिलं. जादा पैसे मोजून सनरूफवाली गाडी घेतली ती काय उजेडासाठी? पोराला सीटवर उभं करा, अर्धं बाहेर काढा, डोळ्याला गॉगल, हातात वेफर्सचा पुडा. आईने मागून व्हिडिओ काढावा. माणगावची ती पांढरी गाडी आम्हाला म्हसळ्याच्या अलीकडच्या वळणांवर पुन्हा भेटली, तेव्हा असंच दृश्य होतं. पोर कमरेपर्यंत बाहेर. रस्त्यावर आलेल्या आंब्याच्या फांद्या, मध्येच खाली लोंबणाऱ्या तारा, आणि गाडी वळणावर दुसऱ्याला ओलांडतेय. पोर हसत होतं. त्याला काय कळतंय?

अहो, चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. समोर म्हैस आली, तुम्ही ब्रेक दाबला, गाडी थांबेल. तो थांबणार नाही. तो त्याच वेगाने पुढे जाईल आणि त्याच्यापुढे सनरूफची पत्र्याची कड आहे, त्याच्या पोटाच्या उंचीवर. हे समजायला कोणतं शिक्षण लागतं? चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड, असं 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात लिहून ठेवलंय, कलम 194 ब. कोणी पकडत नाही हे मलाही माहीत आहे. पोलिसाने पकडलं तरच पोराला पट्टा लावणार का तुम्ही? गाडीवर ओरखडा पडू नये म्हणून पार्किंगमध्ये दोनदा उतरून बघता, आणि पोर छपरातून बाहेर लटकतंय तर मोबाइल काढता?

मांडीवरच्याला मागे घ्या. छपरातल्याला खाली ओढा. रडेल, भोकाड पसरेल, "बाबा घाण आहेत" म्हणेल. म्हणू दे. अर्ध्या तासात झोपतं पोर. आणि रांग दिसली तर त्या रांगेत उभे राहा, सगळे राहतात तसे. पुन्हा मला "ताई, लहान मुलं आहेत गाडीत" म्हणालात, तर मी खाली उतरेन, आणि ओकलेली ओढणी तुमच्या खिडकीतून आत देईन.