खुलासा: कायदा आला म्हणजे बिल माफ?
नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: ‘राजस्थानात आरोग्य हक्काचा कायदा झाला, खासगीतही सगळं फुकट; आपल्याकडेही आणा.’ कायदा खरा, 2023 चा. पण खासगी हॉस्पिटलांवर त्याचा मुख्य भार तातडीच्या उपचारांचा: आधी पैसे मागायचे नाहीत, पेशंटने बिल भरलं नाही तर सरकारने भरायचं. ठरवून केलेलं गुडघ्याचं ऑपरेशन त्यात आपोआप बसत नाही.

‘महाराष्ट्रात काहीच नियम नाहीत’ हेही चूक. 2021 च्या नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे. (तुमच्या हॉस्पिटलात दिसते का, बघा.) आणि सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यातून नाशिकच्या सिव्हिलला (सरकारी जिल्हा रुग्णालयाला) येणाऱ्याची अडचण वेगळीच: अंतर, गाडीभाडं, बुडालेली मजुरी. त्याबद्दल या मेसेजमध्ये एक ओळ नाही.