फॉर्ममधले तीन रकाने

आज दुपारी दुसरीतल्या एका मुलीला खेळाच्या तासानंतर दम लागला. खांदे वर-खाली होत होते, एक वाक्य एका श्वासात पुरं होईना. कार्यालयात तिचा फॉर्म काढला. आपत्कालीन संपर्काचे तीन रकाने, तिन्ही भरलेले. पहिला नंबर आईचा, आणि ती जिथे काम करते तिथे फोन दारातच जमा करून घेतात. दुसरा वडिलांचा, तो केव्हाच बदललेला. तिसरा पुन्हा आईचाच, रकाना मोकळा दिसू नये म्हणून लिहिलेला. 'काही आजार आहे का?' यापुढे 'नाही'. इनहेलर घरी.

मुलगी बरी आहे. रुग्णवाहिका आली, वेळेत उपचार मिळाले. पण संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते वाचून डोकं तडकलं. 'शाळा झोपली होती का?' तिकडे शिक्षकांच्या खोलीत याच्या नेमकं उलट: 'पालकांनाच पडलेली नसते.' दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलत होती आणि तो फॉर्म होता तसाच फाइलीत परत गेला होता. त्यात एक अक्षरही कुणी बदललं नव्हतं!

म्हणून आधी त्या तीन रकान्यांबद्दलच बोलू. पहिले दोन नंबर घरातल्यांचे असू देत. तिसरा अशा माणसाचा हवा, जो तुमच्या घरात राहत नाही आणि अर्ध्या तासात शाळेत पोचू शकतो. घरातले दोघं एकाच वेळी प्रवासात किंवा रेंजबाहेर असणं यात नवल काही नाही, रोज कुठे ना कुठे तसं होतंच. त्या तिसऱ्या माणसाला आधी विचारा, त्याचं नाव मुलाला माहीत असू द्या. कामावर मोबाईल चालत नसेल तर तिथला लँडलाइन किंवा सुपरवायझरचा नंबर द्या, आणि तिथे तुम्ही कोणत्या विभागात असता तेही लिहा. नुसतं नाव सांगून मोठ्या कारखान्यात कुणी सापडत नाही.

आणि शाळांनो, फॉर्म गोळा केला की काम संपलं असं समजू नका. प्रत्येक सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक नंबर लावून बघायचा. लावून, म्हणजे पलीकडे कुणीतरी बोलेपर्यंत. सगळ्यांना एकदम मेसेज पाठवणं ही चाचणी नव्हे. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला मिळतो आणि तुमचा मेसेज त्याच्याकडे व्यवस्थित पोचतो. हो, काही पालक नवा नंबर कळवतात आणि शाळाच तो रजिस्टरमध्ये चढवत नाही, हेही होतं. मान्य.

आता ते 'नाही'. आजार लिहिला तर मुलाला खेळात घेणार नाहीत, सहलीला नेणार नाहीत, वर्गात वेगळं बसवतील, ही भीती पालकांना असते. ती उगाच नाही. असं वागणाऱ्या शाळा आहेत. पण त्या भीतीची किंमत मूल मोजतं. यावर उपाय शाळेच्या हातात आहे: ही माहिती कोण वाचणार (वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक, कार्यालयातली एक व्यक्ती), ती कुठे ठेवणार, आणि तिच्यामुळे मुलाचं काहीही बंद होणार नाही, हे फॉर्मवरच छापून द्यायचं. मग पालक लिहितात. दमा, फिट्स, मधुमेह, तीव्र ॲलर्जी यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडून एका पानाचा आराखडा लिहून आणा: सुरुवातीची लक्षणं कोणती, कोणतं औषध, किती, किती वेळाने पुन्हा, रुग्णवाहिका केव्हा. घाबरलेल्या माणसाला वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात.

दम्याचंच घ्या. मुलाला आडवं झोपवू नका, सरळ बसवा. बहुतेक ठिकाणी निळ्या रंगाचा असतो तो आराम देणारा इनहेलर, स्पेसर (इनहेलर आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावून. सर्वसाधारण प्रथमोपचार असा: इनहेलर हलवायचा, एक फवारा स्पेसरमध्ये, मुलाने त्यातून चार श्वास घ्यायचे, मग इनहेलर पुन्हा हलवून पुढचा फवारा, असे चार. चार मिनिटं थांबायचं, फरक नाही पडला तर पुन्हा चार, आणि तरीही नाही तर रुग्णवाहिका. बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर पहिल्याच मिनिटाला फोन करायचा आणि फवारे देत राहायचं. शाळेत ठेवलेला इनहेलर बऱ्याचदा निकामी असतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. यातले पुष्कळ इनहेलर २०० फवाऱ्यांचे असतात. औषध संपलं तरी आतला वायू उरतो, त्यामुळे हलवल्यावर आवाज येतो, दाबल्यावर फवाराही उडतो. म्हणून शिल्लक आकडा दाखवणारा घ्या, नाहीतर प्रत्येक वापराची नोंद ठेवा. बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन-तीन फवारे हवेत सोडा. स्पेसर साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून बसतं. शाळेतल्या किती जणांना हे माहीत असतं? आणि पालकांपैकी किती जण हे शाळेला सांगतात?

पण आजच्या प्रसंगात मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या मुलीच्या वहीत वर्गशिक्षिकेने काही आठवडे सतत लिहिलं होतं: 'वर्गात लक्ष नसते. पेंगते.' संध्याकाळी आई आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, रात्री खोकला असतो हिला, झोपच लागत नाही. रात्रीचा खोकला हे दमा आटोक्यात नसल्याचं ठळक लक्षण. घरात खोकला दिसत होता, शाळेत पेंगणं दिसत होतं. दोघींनी आपापल्या परीने बरोबर पाहिलं होतं. ही दोन वाक्यं एका कागदावर आली असती तर महिनाभर आधीच ती डॉक्टरांकडे गेली असती.

सुरक्षितता वेगळी आणि अभ्यास वेगळा, असं आपण जे धरून चालतो ना, त्याचाच मला राग येतो. 'लक्ष नसते' हा निष्कर्ष झाला. कोणत्या तासाला, जेवणाआधी की नंतर, फळ्यावरचं लिहून घेताना की ऐकताना, हे लिहा. फळ्यावरचंच चुकत असेल तर डोळे तपासायचे. हाक मारल्यावर वळून बघत नसेल तर कान. सकाळीच पेंगत असेल तर झोप: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १०. पालकांनीही 'अभ्यासच करत नाही' एवढं म्हणून थांबू नये. कुठे अडतो ते सांगा. शब्दांत मांडलेलं गणित वाचतानाच अडतो, की मांडणी जमते आणि हातचा चुकतो? शिक्षकाला एवढं कळलं की अर्धं काम झालं.

ने-आण करण्याबद्दलही बोलायलाच हवं. मुलाला कोण घेऊन जाऊ शकतं याची फोटोसह यादी शाळेकडे हवी. 'आज त्याचा मामा येईल' असा फोन आला तर शाळेने तो ठेवायचा आणि आपल्याकडे नोंदवलेल्या नंबरवर स्वतः परत फोन करून खात्री करायची. आलेल्या नंबरवर नाही. पालक यावर चिडतात, 'मी सांगतेय ना!' म्हणतात. चिडू द्या. घरात एक परवलीचा शब्द ठरवा, जो येणाऱ्या माणसाने सांगितल्याशिवाय मूल सोबत जाणार नाही, आणि एकदा वापरला की बदला. आई-वडील वेगळे राहत असतील आणि ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत शाळेला द्या. फाटकात उभं करून मुलालाच 'तू कुणाबरोबर जातोस?' असं विचारणं हा क्रूरपणा आहे.

गैरहजेरीचंही तेच. मूल येणार नसेल तर शाळा भरण्याआधी कळवा. न कळवता गैरहजर असेल तर शाळेने पहिल्या तासातच फोन करावा. घरच्यांना वाटतं शाळेत आहे, शाळेला वाटतं घरी आहे, आणि हे दोन्ही समज संध्याकाळपर्यंत टिकतात. हरवलेल्या मुलाच्या शोधात तेच तास सगळ्यात मोलाचे असतात.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. कामाइशी शहरात तोशिताका कातादा या प्राध्यापकांनी त्याआधी काही वर्षं शाळांमधून मुलांना तयार केलं होतं. त्यातला एक भाग थेट घरासाठी होता: मूल पालकांना सांगणार, 'मी नक्की उंचावर पळेन, मला न्यायला येऊ नका, तुम्हीही पळा.' आणि पालकांनी त्यावर विश्वास ठेवायचा. त्या शहरातली जवळपास ३००० शाळकरी मुलं वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकीतल्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना जवळपास ५० मिनिटं मैदानावरच थांबवून ठेवलं होतं. १०८ मुलांपैकी ७४ गेली, १० शिक्षक-कर्मचारीही गेले. पुढे न्यायालयाने शाळा आणि प्रशासनाच्या आधीच्या तयारीतल्या त्रुटींवर बोट ठेवलं. हे लिहितानाही घशाशी येतं.

तेव्हा शाळेची कवायत मुलांपुरती ठेवू नका. मुलं कोणत्या जागी नेली जातील, पालकांनी कोणत्या फाटकाने यायचं, ओळख काय दाखवायची, सही कुठे करायची, हे घराघरात माहीत हवं. नाहीतर शंभर गाड्या एकाच रस्त्यावर येतात आणि रुग्णवाहिका मागे अडकते.

जरा शांत होऊन एक नाजूक गोष्ट सांगते. कुणी त्रास दिल्याचं, नको तसा स्पर्श केल्याचं मुलाने सांगितलं तर खोदून खोदून विचारू नका. 'त्यानेच केलं ना?' असे प्रश्न तर मुळीच नकोत, कारण लहान मूल मोठ्यांना हवं ते उत्तर देऊन बसतं. ऐका, 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा, त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार व्यक्तीला प्रत्यक्ष भेटा. संशय शाळेतल्याच कुणावर असेल किंवा शाळा टाळाटाळ करत असेल तर सरळ पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणा गाठा. ग्रुपवर टाकू नका. तिथे नाव फुटतं, दुसऱ्या बाजूची माणसं सावध होतात, आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही. शाळांनाही सांगते: दादागिरी करणारा आणि ती सोसणारा यांना समोरासमोर बसवून 'चला, हात मिळवा' करू नका. सोसणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की सांगून काही होत नाही.

आणि पालकसभा. दहा मिनिटांत गुणपत्रिका वाचून दाखवणं म्हणजे दहा मिनिटं वाया, गुण घरी वाचता येतात. शिक्षकांनी मुलाचा चुकलेला एक पेपर समोर ठेवावा आणि चूक कुठे होते ते दाखवावं. पालकांनी विचारावं, 'अडला की तो काय करतो? विचारतो, शेजाऱ्याचं बघतो, की गप्प बसतो?' मग घरी करायची एकच गोष्ट ठरवा, पाच नको. लहान वर्गात असेल तर रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन, आणि चुकलेला शब्द लगेच न सांगता पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचं. गृहपाठ तुम्ही करून देऊ नका. तुमच्या हातचा बिनचूक गृहपाठ पाहून शिक्षकाला वाटतं मुलाला कळलंय, आणि तो पुढच्या धड्यावर जातो. तीन आठवड्यांनी त्या एका गोष्टीबद्दल एक फोन, कुणी करायचा ते तिथेच ठरवून.

सभेला कामाच्या वेळी येता येत नाही, ही अडचण खरी आहे. शाळांनी वर्षातून निदान दोन सभा संध्याकाळी ठेवाव्यात, वाचता न येणाऱ्या पालकांना आवाजी संदेश पाठवावा, आणि दोनदा न आलेल्या पालकाच्या नावापुढे 'निष्काळजी' लिहिण्याआधी त्यांच्या सुट्टीची वेळ विचारून एक फोन करावा.