शंकूबाहेर म्हणजे सुरक्षित? दर मोसमात फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

अटलांटिकमध्ये एखादे हरिकेन जोर धरू लागले की फ्लोरिडात आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर एक संदेश नेमाने फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच: “शंकूच्या मधली रेषा म्हणजे वादळाचा रस्ता. शंकूबाहेर असाल तर निवांत राहा. सगळ्या मॉडेलच्या रेषा एकत्र आल्या की मार्ग पक्का. पाणी गरम आहे, म्हणजे श्रेणी ५ ठरलेली. श्रेणी १ असेल तर नुसता वारा. विमानांना सापडलेला खरा वेग सरकारी केंद्र लपवते, त्यापेक्षा मॉडेलचे दहा दिवसांपुढचे चित्र बघा.”

इथे शंकू म्हणजे वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर पुढे रुंदावत जाणारा पट्टा, मॉडेल म्हणजे संगणकावर मांडलेले हवामानाचे गणित, आणि श्रेणी १ ते ५ ही हरिकेनच्या जोराची चढती प्रतवारी. प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा कण आहे, म्हणून हा संदेश खपतो. पण त्यातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: वादळाचा मध्यबिंदू म्हणजेच वादळ, असे धरून चालणे.

“शंकूबाहेर असाल तर निवांत राहा”

सगळ्यात घातक वाक्य हेच, म्हणून सुरुवात इथून. अमेरिकी सरकारचे मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र १२, २४, ३६, ४८, ६०, ७२, ९६ आणि १२० तासांनंतर वादळाचा मध्य कुठे असेल याचा अंदाज देते. त्या प्रत्येक बिंदूभोवती एक वर्तुळ काढायचे आणि सगळी वर्तुळे कडेने जोडायची, की झाला शंकू. वर्तुळाची त्रिज्या ठरते ती मागच्या पाच वर्षांत केंद्राचे स्वतःचे अंदाज किती चुकले त्यावरून. दोन-तृतीयांश चुका आत बसतील एवढी ती घेतात. अटलांटिकसाठी २४ तासांना ती सुमारे ४० सागरी मैल भरते, १२० तासांना २०० च्या पुढे. त्या मोसमातल्या सगळ्या वादळांना हीच मापे लागतात, मग वादळ सरळ रेषेत चाललेले असो की दिशा न सुचून एका जागी घुटमळत असो.

म्हणजे एक-तृतीयांश वेळा मध्य वर्तुळाबाहेर जाणार, हे शंकूच्या व्याख्येतच आहे. शिवाय वादळ केवढे आहे, पाऊस किती पडेल, समुद्र किती आत येईल, यातले काहीही शंकू सांगत नाही. पुढे रुंद होत जाणारा शंकू बघून ‘वादळ मोठे होत चालले’ म्हणणारेही कमी नाहीत. रुंदावते ती चूक, वादळ नव्हे.

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅम्पा बे या खाडीची दोन वादळे शेजारी ठेवून पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये इयनच्या सुरुवातीच्या अंदाजांत टॅम्पा शंकूच्या जवळपास मधोमध होते. प्रत्यक्षात डोळा, म्हणजे वादळाचा शांत मध्यभाग, सुमारे १४० किलोमीटर दक्षिणेला, कायो कोस्टा बेटावर आला. टॅम्पा वादळाच्या डाव्या अंगाला राहिले, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि खाडीचे पाणीच ओढले जाऊन तळ उघडा पडला. उजव्या अंगाला, फोर्ट मायर्स बीचवर, पाणी १० ते १५ फूट चढले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन आले. टॅम्पा बे या वेळी शंकूबाहेर. डोळा आखातातून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर राखून उत्तरेला, बिग बेंड या किनाऱ्याच्या बाकाकडे निघून गेला. पण हेलीनचा पसारा अवाढव्य होता. दक्षिणेकडचा वारा तासन् तास पाणी किनाऱ्याकडे लोटत राहिला आणि टॅम्पा बेच्या किनाऱ्यावर त्या भागातली विक्रमी पातळी नोंदली गेली. शंकूत असताना खाडी रिकामी झाली, शंकूबाहेर असताना घरात पाणी शिरले. फ्लोरिडात घर सोडण्याचे विभाग ए, बी, सी असे अक्षरांनी ठरतात, ते समुद्राचे पाणी कुठवर येऊ शकते यावरून. ते ठरवताना शंकू विचारात घेतलेला नसतो. आपला विभाग कोणता, हे मोसमाआधीच बघून ठेवायचे.

आणि पाणीच कशाला? ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन अजून आखातात होते, तेव्हाच त्याच्या बाहेरच्या पट्ट्यांतून फ्लोरिडावर टोर्नेडोंची माळ उतरली. सेंट ल्युसी काउंटी ही तर अटलांटिकच्या बाजूला, डोळ्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर. माणसे तिथे दगावली, आणि ती डोळा किनाऱ्याला लागण्याच्या काही तास आधी.

“मधली रेषा म्हणजे रस्ता”

रेषा म्हणजे अंदाजाचे बिंदू जोडण्याची सोय, एवढेच. तिच्यावर बोट ठेवून गाव शोधणे कुठे सर्वांत महागात पडते, ते भूमिती सांगते. वादळ किनाऱ्यावर काटकोनात येत असेल तर मार्गातली ३० किलोमीटरची चूक किनाऱ्यावरही ३० किलोमीटरचीच राहते. तेच वादळ किनाऱ्याशी २० अंशांचा कोन करून तिरके येत असेल, तर ३० भागिले २० अंशांची साइन, म्हणजे जवळपास ८८ किलोमीटर. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला वर सरकत येणारी वादळे नेमकी अशी तिरकी येतात. १३ ऑगस्ट २००४ रोजी चार्ली टॅम्पाला धडकेल या हिशेबाने लोक बसले होते. ते थोडे आधी उजवीकडे वळले आणि कायो कोस्टावरून पुंटा गोर्डात घुसले, तेही श्रेणी ४ होऊन. शार्लट हार्बरचा तो किनारा इशाऱ्यात होता, शंकूतही होता. लोकांचे डोळे रेषेवर होते.

“सगळ्या रेषा एकत्र आल्या की मार्ग पक्का”

आधी सगळ्या मॉडेलांच्या रेषा एकत्र दाखवणाऱ्या नकाशावरच्या निम्म्या रेषा खोडून टाका. एक्सटीआरपी हे मॉडेलच नव्हे. वादळ आता ज्या दिशेने चालले आहे तीच दिशा सरळ पुढे ओढलेली असते. सीएलपी५ म्हणजे पूर्वीच्या वादळांची सरासरी चाल आणि सध्याची गती यांचे मिश्रण. मॉडेलांचे कौशल्य मोजायला ती पट्टी म्हणून वापरतात, अंदाज म्हणून कोणी वापरत नाही. टीएबीएस, टीएबीएम, टीएबीडी या तिन्ही उथळ, मध्यम आणि खोल थरांतल्या वाऱ्यांबरोबर वादळ वाहत नेणाऱ्या साध्या रीती. त्यांचा मात्र एक उपयोग आहे. तिघी तीन दिशांना जात असतील तर वादळ किती खोल वाढते यावर त्याचा मार्ग ठरणार, हे कळते. कमजोर वादळ खालच्या पूर्वेकडच्या वाऱ्यांबरोबर पश्चिमेला सरकत राहते, जोरदार वादळ उंचावरच्या द्रोणीला (कमी दाबाच्या लांबट पट्ट्याला) लवकर दाद देऊन उत्तरेला वळते. तीव्रता आणि मार्ग वेगवेगळे बघता येत नाहीत, ते यामुळे.

नावाच्या शेवटी ‘आय’ किंवा ‘२’ असलेल्या रेषा ताज्या नसतात. मोठ्या मॉडेलचा रन, म्हणजे एका वेळचे गणित, संपायला काही तास लागतात. तोवर ६ किंवा १२ तासांपूर्वीचा रन आताच्या स्थानाला जुळवून घेतलेला असतो. दोन चित्रे शेजारी ठेवून ‘मॉडेलने विचार बदलला’ म्हणण्यापूर्वी एवढे तपासावे.

उरलेल्या रेषा जुळल्या तरी खात्री होते असे नाही, कारण वादळाला दिशा देणाऱ्या उपोष्ण उच्चदाबाच्या पट्ट्याचा अंदाज सगळ्यांनी एकसारखाच चुकवलेला असू शकतो. २०१५ मध्ये जोआक्विनला बहुतेक मॉडेलांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणले होते. युरोपीय मॉडेल एकटे पडून ‘समुद्रात निघून जाईल’ म्हणत होते, आणि तसेच झाले. यावरून ‘युरोपीयच नेहमी खरे’ असा दुसरा संदेश निघतो. तोही तितकाच पोकळ. बघायचे ते एन्सेम्बल, म्हणजे सुरुवात किंचित बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवलेला संच: युरोपीयचे ५१ सदस्य, अमेरिकी जीएफएसचे ३१. ते किती पसरले आहेत आणि दोन गटांत फुटले आहेत का, यातून अनिश्चितता कळते. दोन गट पडलेले असताना त्यांची सरासरी काढली, तर जिथे एकही सदस्य जात नाही अशा मधल्या जागेतून रेषा निघते.

“पाणी गरम आहे, म्हणजे श्रेणी ५ ठरलेली”

साडेसव्वीस अंशांचे पाणी ही किमान गरज, आणि पृष्ठभागाचे तापमान पुरत नाही. उष्णता किती खोलवर आहे तेही लागते, नाहीतर वादळ स्वतःच खालचे थंड पाणी घुसळून वर आणते. त्यावर उंचीनुसार वाऱ्यात पडणारा फरक २० नॉटच्या (ताशी सागरी मैल) पुढे गेला, कोरडी हवा आत शिरली, किंवा डोळ्याची भिंत, म्हणजे त्याभोवतीचे ढगांचे कडे, बदलून जुन्याच्या जागी नवे येऊ लागले, की तेच गरम पाणी असून तीव्रता अडते. मिल्टन आखातात श्रेणी ५ होते, फ्लोरिडातल्या सिएस्टा की बेटावर आले तेव्हा श्रेणी ३.

उलटही होते, आणि ते जास्त भयानक. २४ तासांत ३० नॉटची वाढ म्हणजे झपाट्याने तीव्र होणे, अशी व्याख्या आहे. पूर्व पॅसिफिकमधल्या ओटिसने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती कितीतरी पटीने ओलांडली. लहान आकाराचे, साधेसे वादळ दिवसभरात श्रेणी ५ होऊन अकापुल्कोवर आदळले, आणि कुठल्याही मॉडेलने ते नीट पकडले नव्हते.

“श्रेणी १ म्हणजे नुसता वारा”

श्रेणी ठरते ती फक्त वाऱ्यावरून: जमिनीपासून १० मीटर उंचीवर एक मिनिट टिकलेला सर्वाधिक वेग. समुद्राच्या लोटाचा (वादळाने किनाऱ्यावर ढकललेल्या पाण्याचा) आणि दाबाचा उल्लेख त्या मापनातून २०१० मध्ये काढूनच टाकला. २००८ चे आइक टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला लागले तेव्हा श्रेणी २ होते आणि बोलिव्हर द्वीपकल्पावर १५ ते २० फूट पाणी आले. २०१८ चे फ्लोरेन्स उत्तर कॅरोलायनात श्रेणी १ म्हणून शिरले आणि रेंगाळून ३० इंचांहून अधिक पाऊस पाडून गेले. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत या वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी दहातले नऊ पाण्याने गेले.

“विमानांना सापडलेला खरा वेग केंद्र लपवते”

हा आरोप करणारे बहुधा खरोखरच आकडे वाचतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. बिलॉक्सीच्या कीस्लर तळावरची हवाई दलाची डब्ल्यूसी-१३० आणि नोआ या अमेरिकी सागर व वातावरण संस्थेची पी-३ विमाने तीव्र वादळात सहसा ७०० मिलिबारच्या पातळीवर, साधारण १०,००० फुटांवरून उडतात. त्यांची दर ३० सेकंदांची निरीक्षणे सर्वांसाठी खुली येत असतात. लपवाछपवीला जागाच नाही. गल्लत होते ती वाचण्यात.

समजा विमानाने १४३ नॉट नोंदवले. ताशी १६५ मैल, म्हणून लगेच ‘श्रेणी ५!’ अशी आरोळी उठते. पण तो वेग तीन किलोमीटर उंचीवरचा. डोळ्याच्या भिंतीत या पातळीवरून पृष्ठभागावर यायला साधारण ९० टक्के धरतात: १२९ नॉट. केंद्र ५ च्या पटीत आकडा देते, म्हणून १३०, म्हणजे ताशी १५० मैल. श्रेणी ४. उड्डाण ८५० मिलिबारवर असेल तर गुणक वेगळा, त्यामुळे पातळी न बघता ९० टक्के लावणेही चूक.

पृष्ठभागाचा वारा समुद्रावरच्या फेसावरून मोजणारा विमानातला रेडिओमापक जोरदार पावसात आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात फुगवून सांगतो. शंकास्पद आकड्यावर खूण असते, ती सोडून निव्वळ आकडा पुढे पाठवला जातो. ड्रॉपसॉंड, म्हणजे विमानातून खाली सोडलेले मोजमापाचे उपकरण, पडताना शेवटी जो वेग दाखवतो तो क्षणाचा झोत, मिनिटाची सरासरी नव्हे. म्हणून पूर्वानुमानकार तळच्या १५० मीटरची सरासरी घेऊन तिच्यावरून पृष्ठभागाचा वेग काढतात.

दाबाचेही तेच. विमानाच्या उंचीवरून हिशेबाने काढलेला पृष्ठभागाचा दाब काही मिलिबारने चुकू शकतो, खरा मानायचा तो सॉंडचा. पण सॉंड नेमका मध्यात पडत नाही. पाण्याला टेकताना त्याने ९५२ मिलिबार आणि २२ नॉट वारा दाखवला, तर दर १० नॉटला एक मिलिबार या हिशेबाने मध्याचा दाब ९५० धरायचा. ०, १, २ नॉट असेल तर आहे तोच आकडा. आणि दाब पडला की वारा त्याच क्षणी वाढतो असे नाही, तो मागून येतो. भिंत बदलताना तर दाब कमी राहून कमाल वेग घटतो आणि वाऱ्याचा घेर मात्र पसरतो. अशा वेळी ‘वादळ कमजोर झाले’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या माणसासाठी उलट्या अर्थाचे असते.

“मॉडेलचे दहा दिवसांपुढचे चित्र बघा”

जीएफएस दिवसातून चारदा, १६ दिवसांपर्यंत चालते. म्हणजे रोज चार नवी लांबची चित्रे, आणि त्यातले सर्वांत भीतिदायक तेवढे फिरते. पश्चिम कॅरिबियनमध्ये मोसमाच्या दोन्ही टोकांना, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हे मॉडेल नसलेली वादळे उभी करण्यासाठी बदनामच आहे. आणि हवेतल्या ज्या गडबडीला अजून मध्यच नाही, तिची रेषा मध्य कुठे तयार होतो यावर शेकडो किलोमीटर हलते. तयार वादळातही मध्य सरकतो. २०१९ चे डोरियन हिस्पानिओला (हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक यांचे बेट) इथल्या डोंगरांवर विरेल असा सुरुवातीचा अंदाज होता. मध्य नव्याने घडला, वादळ सेंट क्रॉय आणि सेंट थॉमसवरून डोंगर टाळून गेले आणि १ सप्टेंबरला बहामाच्या अबाकोवर ताशी १८५ मैलांच्या वाऱ्यासह पोहोचले. मग फ्लोरिडाचा पूर्व किनारा शंकूत आला. तिथे ते लागलेच नाही. लागले ते उत्तर कॅरोलायनातल्या केप हॅटेरसला.

केंद्र मार्गाचा अंदाज पाच दिवसांवर थांबवते आणि त्यापुढे सात दिवसांत काही निर्माण होण्याची शक्यता तेवढी टक्क्यांत सांगते, ती या कारणाने.

नवे बुलेटिन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकराला येते. आधी पूर्वानुमानकाराचे विवेचन उघडा. कोणत्या मॉडेलवर भर दिला, शंका कुठे आहे, ते त्यात साध्या गद्यात असते. मग समुद्राच्या लोटाचा नकाशा, मग वाऱ्याच्या शक्यता, आणि शंकू सगळ्यांत शेवटी. वादळी वाऱ्याच्या (ताशी ३९ मैल आणि पुढे) आगमनाच्या नकाशावर दोन वेळा मिळतात, त्यातली ‘लवकरात लवकर’ची धरा. तिच्याही आधी वारा सुरू होण्याची शक्यता दहात एक असते. खिडक्यांवरच्या फळ्या, गाडीचे इंधन आणि निघणे त्या वेळेपूर्वी उरकलेले हवे, कारण ताशी ३९ मैलांच्या वाऱ्यात शिडीवर उभे राहता येत नाही.